दोन फर्लांगांची गाडी

आमच्या गोठ्यात पूर्वेकडच्या दावणीला आता बैल नाही. तिथं एक रिक्षा उभी असते. तिला हूड नाही, मागची शीट नाही, पुढची काच नाही आणि मीटरही नाही. मागच्या बाजूला लोखंडी अँगलवर फळ्या ठोकल्यात, त्यावर कडवाळाच्या पेंढ्या असतात. नवीन माणूस आला की विचारतो, "तात्या, ही कसली गाडी?" मी सांगतो, वैरणीची. ते खोटं नाही. पण ही गाडी वैरणीसाठी केलेली नव्हती. ती पळवायला केली होती, ती पण फक्त दोन फर्लांग. तिची हकीकत लिहायची तर आधी आमच्या भागात तीन चाकं कशी आली ते सांगायला पाहिजे.

आमचं गाव कृष्णाकाठचं, मिरज तालुक्यातलं. माझा जन्म 1959 सालचा. अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीची पहिली परीक्षा 1975 साली झाली, तिला मी बसलो, पास झालो आणि शाळा संपवून औताला लागलो. माझ्या लहानपणी वडील सांगलीच्या पेठेला हळद घेऊन जायचे ते बैलगाडीनं. जेवणं करून रात्री गाडी जुंपायची. गाडीखाली कंदील टांगलेला असायचा. वडील पोत्यांवर झोपायचे आणि बैल आपले वाट धरून चालायचे. पहाटे पेठेत पोचलं की सौदा होईपर्यंत बैलांना वैरण टाकून बसायचं. एका खेपेला एक रात्र आणि एक दिवस जायचा.

त्या रस्त्यावर पहिल्यांदा तीन चाकांची आली ती मालाची गाडी. बजाज टेम्पो कंपनीनं जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या परवान्यावर 1958 साली हॅन्सिएट नावाची तीन चाकी काढली. पुढं एक चाक, लांबट नाक, मागं हौदा. आमच्याकडं हॅन्सिएट हे नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे टेम्पोच म्हणायला लागले. आज आपण चार चाकांच्या, सहा चाकांच्या गाडीलाही टेम्पो म्हणतो, ते नाव त्या तीन चाकीचं. वडिलांनी पहिल्यांदा टेम्पोत हळद भरली तेव्हा ते सकाळी गेले आणि दुपारी जेवायला घरी आले. आईला वाटलं सौदा मोडला.

माणसं न्यायची रिक्षा ही दुसऱ्या घराण्यातली. इटलीत पियाज्यो नावाचा विमानं करणारा कारखाना होता. दुसरी लढाई संपल्यावर विमानांचं काम गेलं. तिथल्या दास्कानियो नावाच्या इंजिनिअरनं 1946 साली व्हेस्पा स्कूटर केली. लढाईनं लोक कंगाल झालेले, मोटार कुणाला परवडणार? म्हणून 1948 साली त्यांनी स्कूटरच्या मागं दोन चाकांचा गाडा जोडला आणि त्याला ॲपे नाव दिलं. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि ॲपे म्हणजे मधमाशी. हे मला फार उशिरा कळलं. आमच्या आळीतल्या बाया अजून त्या गाडीला आप्पे म्हणतात, आणि पात्रातल्या आप्प्यांचा तिच्याशी काय संबंध असा प्रश्न मला पुष्कळ वर्षं होता.

आपल्याकडं ती गाडी आणण्यात नवलमल फिरोदिया ह्यांचा हात होता. माणसानं माणूस ओढायचा धंदा बंद व्हावा असा त्यांचा हेतू. मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई ह्यांना त्यांनी गाडी दाखवली, परवानगी मिळवली आणि पुण्यात रिक्षा धावल्या. आधी बाहेरून माल यायचा. 1959 साली बजाजला इथंच गाड्या करायचा सरकारी परवाना मिळाला. पहिल्या रिक्षांचं इंजिन पुढं असायचं. 1977 साली इंजिन मागं असलेली रिक्षा आली, आणि आपण जी रिक्षा डोळ्यांपुढं आणतो ती हीच.

म्हणजे मुळात ही गाडी गरिबाची आणि ओझ्याची. तिच्या अंगात पळ घातलेलाच नाही, ओढ घातलेली आहे. एकशे पंचेचाळीस सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि ताकद सातेक हॉर्सपॉवर. उलट आपली आरएक्स हंड्रेड मोटारसायकल घ्या. तिचं इंजिन शंभर सीसीलाही थोडं कमी, पण ताकद अकरा. मोठ्या इंजिनाला कमी आणि लहानाला जास्त हे कसं? शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नांगराचा बैल वेगळा आणि शर्यतीचा वेगळा. नांगराच्या बैलानं दिवसभर एका चालीनं ओढायचं असतं, शर्यतीच्या बैलानं अर्ध्या मिनिटात सगळा जीव बाहेर काढायचा असतो.

तर आता शर्यत. हा नाद आमच्या घरात माझ्यामुळं शिरला. थोरल्या भावाला, दादाला, त्याचं काही नव्हतं. तो बरा आणि त्याचं रान बरं. मी मात्र खरसुंडीच्या बाजारातनं खिलार खोंड आणला, त्याचं नाव हरण्या. घरच्या सोन्याबरोबर त्याला छकडीला शिकवला. 1987 साली हस्ताचा पाऊस चांगला झाला. रानाला वाफसा आला होता आणि शाळू पेरायचा होता. त्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यात मैदान होतं. दादा म्हणाला, "चार दिवस दम धर. पेरणी हू दे." मी ऐकलं नाही. मैदानात हरण्याचा पुढचा पाय घसरला आणि खांदा निखळला. बैल वाचला, पण औताचा राहिला नाही. पैऱ्यानं दुसरी जोडी मिळेपर्यंत दहा दिवस गेले. ओल उडून गेली आणि शाळू उगवला तो निम्मा. त्या वर्षी वहिनींची बोरमाळ सोनाराकडं गेली. वहिनी मला एक शब्दही बोलल्या नाहीत. दादाही बोलला नाही. त्यामुळं मला आपली चूक फार मोठी वाटलीच नाही. पुढच्या वर्षी मी पुन्हा मैदानात होतो.

मग शर्यतीच बंद झाल्या. जुलै 2011 मध्ये केंद्र सरकारनं बैलाचा समावेश खेळ करायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला, आणि 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं बंदीवर शिक्कामोर्तब केलं. बैलांना होणारी मारझोड, शेपटी पिरगाळणं, टोचणी लावणं हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळं बंदी अगदीच विनाकारण आली असं मी म्हणणार नाही. पण यात्रा आली की गाव नुसतं मोकळं मोकळं वाटायचं. कुस्त्या व्हायच्या, तमाशा व्हायचा, पण दुपारी माणसं मैदानाच्या कडेला जाऊन उगाच उभी राहायची.

पोरांनी मग दुसरं काही धरलं. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. हळदीच्या पेवांचं गाव, नाटककार देवलांचं गाव. तिथं संगमेश्वराच्या यात्रेत रिव्हर्स रिक्षा पळवायची स्पर्धा भरते. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, पण रिक्षात ती सोय मुळातच आहे. मोटारीत रिव्हर्सचा गियर एकच असतो. रिक्षात रिव्हर्सचा दांडा वेगळा असतो. तो ओढला की चाकं उलटी फिरायला लागतात, आणि मुठीतले चारही गियर तसेच चालतात. म्हणजे रिक्षा जशी पुढं पळते तशीच मागंही पळू शकते. फक्त पळवणारा पाहिजे. मागं चाललं की वळायचं चाक मागं राहतं. हँडल जरा जास्त फिरलं की गाडी कलंडते.

आमच्या पुतण्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, हे वेड तिथं लागलं. तो मिरज-सांगली रिक्षा चालवायचा. दादा 2012 साली गेला, तेव्हापासून घर रान आणि रिक्षा ह्या दोन्हीवर होतं. त्याला उलटं पळवण्यात रस नव्हता, सरळ पळवायची होती. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीत विमानाच्या पट्टीवर मोटारींच्या शर्यती होतात, त्या तो मोबाईलवर बघायचा. त्याला ड्रॅग रेस म्हणतात. वळण नाही, फेरा नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, निशाण पडलं की सरळ सुटायचं आणि पाव मैलाला जो पहिला तो जिंकला. मला म्हणाला, "तात्या, चारशे दोन मीटर." मी मनात हिशोब केला. पाव मैल म्हणजे दोन फर्लांग. म्हटलं, "अरे, हे तर आपलं बैलांचं मैदानच की."

तिथंच मी फसलो. म्हणजे त्यानं मला फसवलं नाही, माझा मीच.

2017 साल. पासिंग संपलेली, परमिट दुसऱ्या गाडीवर गेलेली एक रिक्षा त्यानं भंगारातनं नऊ हजाराला आणली. धंद्याच्या रिक्षाला हात लावायचा नाही अशी वहिनींनी अट घातली होती. कारण होतं. वहिनींच्या दोन्ही किडन्या दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे सहाला पुतण्या त्यांना रिक्षानं मिरजेला न्यायचा. सातला मशीन लागायचं, चार तास चालायचं, मग घरी. ती वेळ चुकवायची नाही एवढं डॉक्टरांनी बजावलं होतं.

भंगारातली रिक्षा आम्ही मिरजेतल्या एका जुन्या फिटरकडं नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी आधी कायदा सांगितला. गाडीत फेरफार करायचा तर आरटीओची परवानगी लागते, आणि रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हाच आहे. "रोडपे लाई तो मैं हात नई लगाऊंगा. रानात पळवणार असशील तर बस." पुतण्यानं कबूल केलं. यात्रा कमिटी ऊस तुटून गेलेल्या रानावर रोलर फिरवून पट्टी करणार होती, आणि शेवटाला थांबायला आणखी तेवढंच रान मोकळं ठेवणार होती.

पहिलं काम वजनाचं. हूड, मागची शीट, पाठ, काच, मॅट, स्टेपनी, मागचा बंपर, सगळं उतरवलं. मूळ गाडी पावणेतीनशे किलोच्या आसपास असते. तिचा नुसता सांगाडा राहिला. पुतण्या म्हणाला, आता पळंल. चाचा म्हणाले, आता उलटेल. ते बरोबर होतं. इंजिन मागं, ओढणारी चाकं मागं, आणि पुढं फक्त एक चाक आणि माणूस. सुटताना क्लच एकदम सोडला की पुढचं चाक हवेत जातं, आणि हवेतलं चाक कितीही वळवलं तरी गाडी वळत नाही. म्हणून बॅटरी पुढं घेतली आणि ड्रायव्हरच्या पायाखाली गुळाच्या तोलाचं वीस किलोचं माप बोल्टनं आवळून बसवलं. वजन काढायला लागलो आणि परत घालायला लागलो, ह्याचं पुतण्याला हसू आलं. मला नाही आलं. छकडीवर ड्रायव्हर पुढं झुकतो की मागं बसतो ह्यावर बैलाच्या मानेवरचं ओझं बदलतं, हे आम्ही उगाच शिकलो नव्हतो.

दुसरं काम इंजिनाचं. टू-स्ट्रोकला वॉल्व नसतात. सिलिंडरच्या भिंतीला भोकं असतात आणि पिस्टन वर-खाली होताना तोच ती भोकं उघडतो आणि झाकतो. चाचांनी मला हे दाखवलं तेव्हा मी म्हटलं, ही तर दारं धरायची पद्धत. पाटाचं दार कधी मोडायचं आणि कधी लावायचं ह्यावर वाफा भरतो. धुराच्या भोकाची वरची कड कानशीनं थोडी वर नेली की दार लवकर मोडतं, इंजिन जास्त फिरतं, पण खालची ओढ कमी होते. जास्त नेली तर सगळंच वाया. चाचा दोन घाव घालायचे, कागदावर माप घ्यायचे आणि चहा प्यायचे. दिवसाला एवढंच.

हेड कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर घासून आणलं, म्हणजे वरची जागा कमी झाली आणि दाब वाढला. सायलेन्सर काढून पत्र्याचा नवीन केला. तो पोटात फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, रताळ्यासारखा. मला वाटलं नुसत्या आवाजासाठी. चाचा म्हणाले, टू-स्ट्रोकमध्ये जळलेल्या धुराबरोबर थोडं ताजं पेट्रोलही बाहेर पळतं. नळीच्या निमुळत्या टोकाला आपटून धुराची लाट मागं फिरते आणि त्या ताज्या पेट्रोलला परत आत लोटते. पत्र्याची लांबी चुकली की लाट भलत्या वेळी येते. कार्बोरेटरचा जेट मोठा घातला. हवेचा फिल्टर काढला तर हवा जास्त जाते, त्या हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. नाहीतर मिश्रण कोरडं होतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला धरतो. पेट्रोलमधलं ऑइलही वाढवलं.

पुतण्याला दहा इंची मोठी चाकं घालायची होती. मोठं चाक, मोठा वेग, असा त्याचा हिशोब. चाचांनी मूळचे आठ इंची रिमच ठेवले. दोन फर्लांगात गाडी शेवटच्या वेगाला पोचेपर्यंत शर्यत संपलेली असते. जो पहिल्या शंभर पावलांत पुढं गेला त्याला गाठणं अवघड. लहान चाक लवकर उचलतं. रिव्हर्सचा दांडाही पुतण्या काढायला निघाला होता, उगाच वजन म्हणून. चाचा म्हणाले, "रहने दे. कधी लागंल सांगता येत न्हाई."

यात्रा गुरुवारी होती. सोमवारी आम्ही रानात चाचणी घेतली. पहिल्या सुटीला पुढचं चाक वीतभर उचललं आणि खाली आलं. गाडी अशी सुटली की माझ्या अंगावर काटा आला. हरण्या गेल्यापासून इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मी पोरासारखा तिच्या मागं धावत सुटलो. चौथ्या सुटीला इंजिनातनं खडखड आवाज आला. चाचांनी कान लावला आणि मान हलवली. क्रँकचं बेअरिंग गेलं होतं. उघडायचं, सामान आणायचं, दाबून बसवायचं, चार दिवस तरी पाहिजेत.

पुतण्या बांधावर बसून राहिला. "जाऊं दे तात्या. पुढच्या वर्षी बघू," म्हणाला. तो म्हणाला ते मी इथं मुद्दाम लिहितोय. सोडून द्यायला तो तयार होता.

मी म्हणालो, "घरच्या गाडीचं इंजिन घाल की. बेस्तरवारी शर्यत, रातोरात परत बसवायचं. शुक्रवारी सकाळी गाडी दारात."

धंद्याच्या रिक्षाचं इंजिन पंधरा दिवसांपूर्वीच बोअर करून, नवीन पिस्टन-रिंगा घालून आणलं होतं. चाचा म्हणाले, अजून रिंगा बसल्या नाहीत, नवीन बोअर घट्ट असतं, त्याला महिनाभर हळू चालवायला पाहिजे. त्यावर घासलेलं हेड आणि मोठा जेट घालून फुल मूठ पिळायची म्हणजे जुगार. मी त्यांना म्हणालो, "चाचा, दोन फर्लांगाचा तर प्रश्न हाय." वहिनींना आम्ही सांगितलं नाही.

गुरुवारी अकरा गाड्या आल्या. पट्टीच्या दोन्ही कडांना माणूस दाटला होता. बंदीआधी जे झेंडा पंच होते तेच आज पंच होते. दोन-दोन गाड्यांचे गट लावले. पुतण्यानं पहिला गट मारला, दुसरा मारला, सेमीलाही त्याची गाडी चार हात पुढं होती. धूर, धुळवड, शिट्ट्या. माझ्याशी दहा वर्षं न बोललेला एक माणूस येऊन पाठीवर थाप मारून गेला. दर फेरीनंतर मी इंजिनावर हात धरून बघत होतो आणि दर वेळी ते जास्त तापलेलं लागत होतं. थोडं थांबा असं पंचांना सांगता आलं असतं. सांगितलं नाही. ऊन उतरत होतं आणि लोक फायनलसाठी ओरडत होते.

फायनलला तो चांगला सुटला. दीड फर्लांगापर्यंत बरोबरीनं होता, नव्हे, पुसटसा पुढंच. मग आवाज एकदम बंद झाला. पिस्टन धरला. मागची दोन्ही चाकं जाग्यावर थांबली आणि गाडी आडवी व्हायला लागली. एका बाजूचं चाक वर आलं. पुतण्यानं क्लच दाबला म्हणून वाचला. चाकं सुटली, गाडी धाडकन परत तीन चाकांवर आदळली आणि तशीच घरंगळत मातीत जाऊन थांबली. त्याचं कोपर सोलवटलं, दुसरं काही नाही. पायाखालचं ते वीस किलोचं माप नसतं तर काय झालं असतं ते मला रात्री अंथरुणावर पडल्यावर दिसत राहिलं.

पण रात्री अंथरुणावर पडायला मिळालं ते बारानंतर. इंजिन काढून उघडलं तर नवीन पिस्टनच्या अंगावर उभ्या रेघा, रिंगा खोबणीत चिकटलेल्या आणि सिलिंडर ओरबाडलेला. ते त्या रात्री बसणारं नव्हतं, पुढच्या चार दिवसांतही नाही.

शुक्रवारी पहाटे वहिनी नेहमीप्रमाणं पिशवी घेऊन ओसरीवर येऊन बसल्या. पिशवीत चादर, डबा, फाईल. रिक्षा दारात उभी होती पण मागनं पोकळ होती. पुतण्याला आईपुढं यायचा धीर होईना. मी गेलो आणि सांगितलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. मी गावात दोन घरं हिंडलो. एक गाडी आदल्या दिवशीच कोल्हापूरला गेलेली, दुसरीचा ड्रायव्हर यात्रेतनं अजून उठला नव्हता. शेवटी दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या शेजारी त्यांना बसवलं. टेम्पो वाटेतल्या डेअऱ्या घेत घेत गेला. आम्ही पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते आणि मशीनवर दुसरा पेशंट होता. त्यात तिथल्या कुणाची चूक नव्हती. वेळ आमची चुकली होती. दुपारी जागा मिळाली ती दोन तासांची. संध्याकाळी घरी आलो तेव्हा वहिनींच्या पायांना सूज तशीच होती आणि रात्रभर त्यांना उताणं झोपता आलं नाही. धाप लागायची म्हणून भिंतीला टेकून बसून राहिल्या. पुतण्या त्यांच्या उशाला आणि मी उंबऱ्यात.

पहाटेच्या सुमारास मी म्हणालो, "वहिनी, इंजिन घालायला म्याच सांगितलं. पोराची चूक न्हाय."

त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मला ठावं हाय, भावजी. हरण्याच्या टायमालाबी पोरानं सांगितलं नव्हतं."

तीस वर्षांनी. बोरमाळ गेली तेव्हा न बोललेलं त्या आता बोलल्या, आणि ते पण रागानं नाही. त्यांचं एवढंच वाक्य माझ्याजवळ राहिलं.

मंगळवारी भाड्याच्या गाडीनं त्यांना वेळेवर नेलं, चार तास पुरे झाले आणि सूज उतरली. पुतण्याच्या रिक्षाला दुसरं बोअर, मोठा पिस्टन घालून आणला. चाचांनी मजुरी निम्मी घेतली आणि मला चार शब्द सुनावले. ते मी ऐकून घेतले. महिनाभर पुतण्यानं रिक्षा हळू चालवली. मागनं हॉर्न मारणाऱ्यांना हात करून वाट देत गेला.

भंगारातल्या गाडीला पुढं तिचं स्वतःचं जुनं इंजिन नीट करून बसवलं. घासलेलं हेड काढलं, मूळचं हेड घातलं, रताळ्यासारखा सायलेन्सर माळ्यावर गेला. तेव्हापासून ती रानातनं गोठ्यापर्यंत वैरण आणते, डांबरीवर जात नाही. उसाच्या सरीत शिरलं की गाडी वळवायला जागा नसते. तिथं रिव्हर्सचा दांडा ओढायचा आणि तसंच मागं मागं बांधापर्यंत यायचं. चाचांनी तो दांडा काढू दिला नाही ते बरं झालं. वीस किलोचं माप अजून पायाखाली आहे.

वहिनी 2019 च्या महापुरानंतर, त्याच दिवाळीच्या आत गेल्या. पुराच्या दिवसांतही त्यांचा एक मंगळवार चुकला नाही. पुतण्यानं त्यांना मिरजेतच एका पाहुण्याच्या घरी नेऊन ठेवलं होतं.

16 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टानं आपल्याकडच्या बैलगाडी शर्यतींना परवानगी दिली. 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांनी कायदा ग्राह्य धरला. मैदानं परत भरली. मी बघायला जातो. शर्यत वाईट असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही, कारण पुढचं चाक उचललं त्या क्षणाला माझ्या अंगावर आलेला काटा खोटा नव्हता. पण गाडीनं पळायला जे घेतलं ते कुठनं घेतलं, एवढं बघायला मी फार उशिरा शिकलो. एकदा पेरणीतनं घेतलं, एकदा वहिनींच्या शुक्रवारातनं.

मागच्या खेपेला पुतण्या खरसुंडीच्या बाजारातनं आला आणि म्हणाला, "तात्या, एक खोंड बघितलाय. आणू का?"

मी म्हणालो, "पेरणी हू दे. मग बघू."